जुन्या पेपरांतली माणसं शोधून देणाऱ्या अनोळखी मंडळींना थँक्यू

घराण्याचा इतिहास शोधताना जे हाती लागतं ना, त्यातलं बरंचसं कुणीतरी अनोळखी माणसांनी फुकटात बसून करून ठेवलेलं असतं आणि त्यांची नावं कुठेच नसतात, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी मजकूर दुरुस्त करणाऱ्यांचे. स्कॅन केलेलं पान कॉम्प्युटर वाचतो खरा, पण शाई फुटलेली असली किंवा पान शिवणीत गेलेलं असलं की आडनावाची पार वाट लागते, मग कितीही सर्च मारा, माणूस सापडतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या जुन्या पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात, म्हणजे आताच्या ट्रोव्हवर, २००८ पासून लोक अशा ओळी एकेक करून सुधारतायत, निव्वळ हौसेने! मला पणजोबांचे भाऊ सापडले ते पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या यादीत, बारीक टाइपात, आणि ती ओळ कुणीतरी आधीच नीट करून ठेवलेली.

निधनाच्या बातमीत 'गेल्या मंगळवारी' असेल तर अंकाच्या तारखेवरून मागे मोजा, पण साप्ताहिकाने ती दुसऱ्या पेपरातून उचललेली असू शकते म्हणून रजिस्टरशी ताडून बघाच, हे ज्यांनी सांगितलं त्यांचे तर डबल आभार, नाहीतर मी चुकीची तारीख डोळे झाकून लिहून मोकळी झाले असते.

बोटींच्या प्रवासी याद्यांचे इंडेक्स बनवणारे, मायक्रोफिल्म काढून देणारे, तुम्हीपण आलात यात. १९२२ मध्ये डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस जळालं, कितीतरी जुन्या जनगणना गेल्या, तिथल्या लोकांना तर कधीकधी पेपरातल्या चार ओळीच उरतात. त्या चार ओळी वाचण्यासारख्या ठेवताय, खरंच खूप थँक्यू!