खाडा

पुणे,
१४ डिसेंबर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करार करून नेलेल्या आपल्याकडच्या मजुरांबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "पगार मिळत होता ना? मग ती गुलामी कशी?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मॉरिशसहून आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज लिहायलाच बसलो.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेले मजूर तिथल्या १६ दगडी पायऱ्या चढून आत यायचे. मुंबई बंदरातून गेलेली आपली रत्नागिरीकडची माणसंही त्यांच्यात होती. त्या पायऱ्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. साम्राज्यभरातल्या मालकांना ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. ज्यांनी फटके खाल्ले त्यांना छदामही नाही. उलट 'शिकाऊ' म्हणून त्याच मळ्यांवर आणखी चार वर्षं बांधून ठेवलं. १८३९ मध्ये ते बंधन सुटलं आणि बहुतेकांनी ऊसमळ्यांकडे पाठ फिरवली. सुटलेला माणूस आधी निघून जातो, बाळू. मळेवाल्यांना हवा होता तो निघून जाऊ न शकणारा माणूस.

त्याची सोय त्यांनी आधीच सुरू केली होती. 'अॅटलस' जहाजातून पहिले ३६ जण २ नोव्हेंबर १८३४ लाच पोचले. पुढे हा आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला. करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये, वर शिधा. पण एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. याला 'डबल कट' म्हणत. पाच दिवस खाडा, दहा दिवसांची मजुरी गेली! आणि काम सोडून पळालास तर गुन्हा, थेट तुरुंग. पगार होता रे, पण नको म्हणायची सोय नव्हती.

करार संपलेलेही मोकळे नव्हते. १८६७ च्या कायद्याने त्यांना स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. नसला की 'भटक्या' म्हणून पोलीस उचलत. १८७१ मध्ये अशा ९,४०१ जणांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. तो लिहून देणारा आडोल्फ द प्लेव्हिट्झ सासऱ्याचा मळा सांभाळायचा, म्हणजे मळेवाल्यांतलाच. त्याला त्यापायी भर रस्त्यात मार खावा लागला. पण लंडनहून चौकशी आयोग आला, हे त्या अर्जाचंच बळ. एवढ्या माणसांनी पोलिसांची भीती असताना आपलं नाव पुढे केलं, याने मी फार हललो.

तिथे 'डबल कट' वाचलं तेव्हा मला काकू आठवल्या. अंगात ताप असताना पहाटे कोयता घेऊन फडात गेल्याचं त्या सांगायच्या, कारण उचल फिटायची होती आणि खाडा परवडत नव्हता. पुढच्या महिन्यात गावी येतोय. एका खाड्याचे मुकादम किती कापायचा, हे मला त्यांना विचारायचंय.

तुझा,
विनू