आरोग्यमंत्री साहेब, रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना परभणी जिल्ह्यातून नमस्कार.

साहेब, माझ्या भाच्याला डाउन सिंड्रोम आहे. जन्मल्यावर डॉक्टरांनी त्याचे डोळे, ढिली मान, तळहातावरची एकच आडवी रेघ बघून शंका सांगितली आणि कॅरिओटाइप (पेशीतले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, मोजायची रक्ताची टेस्ट) करा म्हणून चिठ्ठी दिली. घरात मात्र तोवर माझ्या बहिणीवर निकाल लागून गेला होता, हिनं ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली, हिच्या माहेरातच खोट आहे. बहीण २३ वर्षांची, ओली बाळंतीण, ती काय बोलणार.

ही टेस्ट नुसतं डाउन आहे का नाही एवढ्यासाठी नसते हो. माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम असतात (हे सुद्धा नक्की कळलं १९५६ ला, तोवर ४८ धरायचे) आणि या लेकरांत २१ नंबरचा एक जास्तीचा असतो, हे १९५९ ला फ्रान्समधे लेज्यून आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवलं. १०० तल्या साधारण ९५ लेकरांत तो सुटा असतो, बीजपेशी तयार होताना झालेली गडबड, कुणाच्या वागण्यानं होत नाही आणि पुढच्या खेपेला परत व्हायची शक्यता कमीच. पण ३-४ लेकरांत तो दुसऱ्या क्रोमोसोमला, बऱ्याचदा १४ नंबरला, चिकटलेला असतो, मग आईबापाचंही रक्त तपासावं लागतं, कारण दोघांतलं एक जण स्वतः ठणठणीत असून ते पुढच्या लेकराला देऊ शकतं. आईकडून आलं असेल तर पुढच्या बाळाला धोका १० ते १५ टक्के, बापाकडून असेल तर बराच कमी. लेकराच्या तोंडाकडं बघून हे कुणालाच सांगता येत नाही.

आता तो रिपोर्ट कसा मिळतो ते बघा. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात, त्यातल्या पेशी जिवंत पोचाव्या लागतात, कारण लॅबमधे त्या तीन दिवस वाढवून, विभागणी मधेच थांबवून मग क्रोमोसोम मोजतात. मे महिना, पारा ४२ च्या वर, नळी कलेक्शनवाल्याच्या टेबलावर पडून राहिली, मग पार्सलनं पुण्याला. उत्तर आलं, पेशी वाढल्या नाहीत, सॅम्पल परत द्या. म्हणजे परत पैसे आणि परत त्या एवढुशा हातात शीर शोधायची.

शेवटी रिपोर्ट आला, त्यात इंग्रजीत एक ओळ, ४७, एक्सवाय, अधिक २१. समजावून सांगायला कुणी नाही, मेव्हण्यानं तो मेडिकलवाल्याला दाखवला, तिथं उभ्या असलेल्या एकानं सांगितलं पोरगं ४७ टक्के मतिमंद आहे. घरभर तेच झालं! खरं तर ती ओळ सांगत होती की जास्तीचा २१ सुटा आहे, चिकटलेला नाही. यातल्या जवळपास निम्म्या लेकरांना हृदयाचा दोष असतो, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लवकर करावा लागतो, थायरॉइड बघावं लागतं, हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. टर्नर सिंड्रोम हा क्रोमोसोमचाच दुसरा दोष असलेल्या मुलींचं तेच, उंची वाढत नाही, पाळी येत नाही, घरचे देवऋष्याकडं नेतात, एक्स क्रोमोसोम एकच आहे हे कळायला लग्नाचं वय उजाडतं.

प्रत्येक जिल्ह्यात मोठी लॅब बांधा असं मी म्हणत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, जिल्ह्याला डीईआयसी (लहान लेकरांचे दोष लवकर ओळखून उपचार करायचं) सेंटर ठेवायचं हेही त्यातच ठरलंय. त्या सेंटरला जेनेटिक काउन्सेलर (असले रिपोर्ट घरच्यांना समजावून सांगणारा जाणकार) द्या, आठवड्यातला एक ठरलेला दिवस तरी, जो मराठीत बोलेल, मराठीत लिहून देईल आणि नवरा-सासूला समोर बसवून सांगेल की यात बाईचा दोष नाही. सॅम्पल तिथंच घ्या, थंड पेटीतून सरकारी खर्चानं पाठवा, आणि क्रोमोसोम चिकटलेला निघाला तर आईबापाची टेस्ट फुकट करा. येत्या अधिवेशनात या पदांची तरतूद करा आणि सुरुवात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपासून करा, ही विनंती.

आपला,
एका लेकराचा मामा, जि. परभणी