लायनर झिजला नाही, सुटला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मोटारसायकलच्या मागच्या ब्रेक शूचा लायनर सुटल्याबाबत

महोदय,

माझ्या फोनवरच्या तक्रारीला 'ब्रेक शू झिजणारा भाग आहे, त्याला वॉरंटी नाही' असे आपले एका ओळीचे उत्तर आले. पण झिजल्याची तक्रार मी केलेलीच नाही.

मी फरसाणाचा माल घेऊन चिपळूण ते पाटण ये-जा करतो. जूनमध्ये 130 मिमी ड्रमसाठी आपली शूची जोडी बसवली. जेमतेम 1400 किमी झाले असतील. कुंभार्ली घाट उतरताना ओल्या वळणावर मागचा ब्रेक दाबला, 'कट्' असा आवाज आला आणि चाक जाम. गाडी आडवी. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून गुडघ्यावर निभावले.

मिस्त्रीने चाक खोलले तर एका शूचा लायनर, म्हणजे शूवर चिकटवलेला, ड्रमला घासणारा थर, अख्खी पट्टी होऊन हातात आला. व्हर्नियरने जाडी 3.6 मिमी भरली. त्याच्याकडच्या नव्या जोडीची 4. याला झीज म्हणायचे? खालचे ॲल्युमिनियम तर घासलेल्या ताटासारखे लख्ख. लायनर घाटातल्या तापण्याने किंवा माझ्या ब्रेक दाबण्याने फाटला असता, तर त्याचे थर धातूला कुठे ना कुठे चिकटून राहिले असते. इथे सगळा गोंद लायनरच्या पाठीवर आहे, शूला त्याने धरलेच नव्हते. चिकटवण्याआधी शूवर तेल राहिले की भट्टीत नीट भाजले गेले नाही, हे आपण शोधायचे. दुसऱ्या शूच्याही कडेखाली नख शिरते. ड्रम आतून कोरडा होता, फोटो सोबत आहेत. ग्रीसचे कारण नको.

लायनर सुटला तो जोडीतल्या पुढच्या शूचा, ज्याला फिरणारा ड्रम स्वतःकडे खेचून घेतो. जास्त भार त्याच्यावरच येणार, हे ब्रेक बनवणाऱ्याला मी सांगायचे का? रिव्हेटचे जुने लायनर निदान संपत आले की ड्रमवर किंचाळायचे. गोंदाला माझी हरकत नाही, लायनर शेवटपर्यंत वापरता येतो. पण मग तो धरायला हवा.

शूचे पैसे आणि चरे पडलेल्या हबचा खर्च द्यावा. त्याहून निकडीचे म्हणजे खोक्यावरच्या बॅचची चाचणी करून ती विक्रीतून काढावी. माझ्या दुकानदाराकडे अजून सात खोकी आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधील उत्पादन दायित्वाखाली जिल्हा आयोगात जाईन.

सुटलेला लायनर कुरियरने पाठवणार नाही. आपल्या माणसाने गॅरेजमध्ये येऊन माझ्यासमोर पाहावा.

आपला ग्राहक
(नाव व पत्ता पावतीच्या प्रतीवर)