त्सुकिजी: आधी देऊळ, मग मासळीबाजार

संपादक महोदय,

जपान सहलींच्या काही जाहिरातींत टोकियोच्या कार्यक्रमात अजूनही ‘त्सुकिजीला पहाटे ट्यूनाचा लिलाव’ असं छापलेलं असतं. तो लिलाव घाऊक बाजाराबरोबर ऑक्टोबर २०१८ मध्येच टोकियोच्याच तोयोसू भागात गेला. बघायचाच असेल तर पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथे पोचावं लागतं आणि जवळच्या सज्जासाठी सोडतीत नंबर लागावा लागतो. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर त्या फंदात पडू नये. त्सुकिजीचा किरकोळ दुकानांचा बाहेरचा बाजार जागेवरच आहे. आणि शेजारचं होंगान-जी हे बौद्ध मंदिर निव्वळ बसच्या खिडकीतून बघण्याजोगं नाही.

देऊळ आणि बाजार एकाच मातीतले आहेत. १६५७ च्या आगीत मूळ मंदिर जळालं, तेव्हा त्सुकुदा बेटावरच्या भाविक कोळ्यांनी समुद्रात भराव टाकून नव्या देवळाला जागा करून दिली. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत तेही गेलं आणि निहोनबाशीचा जुना मासळीबाजारही; तो मग त्सुकिजीला आला. आज जिथे बाहेरचा बाजार भरतो तिथे तोवर देवळाची पन्नासहून जास्त उपमंदिरं होती. ती दुसरीकडे हलली आणि त्या जागी दुकानं आली. सध्याची इमारत १९३४ ची. वास्तुकार इतो चूता यांनी तरुणपणी भारत पायाखाली घातला होता. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला दर्शनी कमान बघताच चैत्यगवाक्ष आठवतं. आत जिन्यापाशी दगडी हत्ती आणि माकडं आहेत, मुलं तिथून हलत नाहीत.

मेट्रोच्या हिबिया लाइनच्या त्सुकिजी स्थानकातून एक नंबरच्या दाराने बाहेर पडलं की समोर देऊळच. सकाळी सात वाजता रोजची प्रार्थना असते, ती जरूर ऐकावी. बसायला खुर्च्या आहेत, चपला-बूट काढावे लागत नाहीत. धुपाची पूड तीन बोटांच्या चिमटीत घेऊन निखाऱ्यावर एकदाच सोडायची. आपला हात सवयीने कपाळाकडे जातो, पण या पंथात धूप कपाळाला लावत नाहीत. टाळ्याही वाजवायच्या नाहीत. टाळ्यांची जागा म्हणजे बाजाराच्या टोकाला असलेलं नामियोके हे शिंतो धर्माचं देवस्थान: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. तिथे कोळंबी आणि अंडी यांच्या नावाने उभे केलेले स्मृतिदगड आहेत. ज्यांच्यावर पोट चालतं त्या जिवांचं ऋण मानण्याची ही रीत मुलांना आवर्जून दाखवावी.

देवळातून बाजार पाच मिनिटांवर. नऊपर्यंत हॉटेलवाल्यांची खरेदी चालते, त्यांच्या पायात येऊ नये. नऊला शिरावं, कारण साडेदहानंतर गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. बाबागाडी आणूच नये. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी दुकानं बंद असतात. घेतलेलं त्याच दुकानासमोर उभं राहून खावं आणि काडी, ताटली तिथेच परत द्यावी. चालता चालता खाल्लं की सॉस दुसऱ्याच्या कपड्यांवर सांडतो, म्हणून दुकानदार रागावतात. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कच्चं काही देऊ नये. भाजलेले स्कॅलप (शिंपले) किंवा वाम घ्यावी.

खरी फसगत होते ती शाकाहाऱ्यांची. काडीला टोचलेलं गोडसर ऑम्लेट, मिसो सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, भाज्यांच्या तेम्पुराबरोबरची (जपानी भज्यांबरोबरची) चटणी, या सगळ्यांत बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या माशाचा अर्क असतो. हा मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, मग रंध्याने त्याच्या पातळ चकत्या काढून पाण्यात उकळतात आणि गाळून घेतात. वाटीत माशाचा कणही दिसत नाही. ‘मासा नको’ म्हटलं तर विक्रेता मान डोलावतो, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे तुकडा. म्हणून विचारावं, ‘कात्सुओ-दाशी हाइत्ते इमास्का?’ (यात कात्सुओचा अर्क आहे का?) उत्तर ‘हाइत्ते इमासेन’ (नाही) आलं तरच घ्यावं. माशाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही हेच करावं, पण जराशी शंका असली तरी त्या पदार्थाला हात लावू नये. मिठाचा भाताचा गोळा, फळं आणि भाजक्या पानांचा चहा यांवर शाकाहाऱ्याची सकाळ निभावते.

सहल कंपन्यांनी लिलावाची ओळ गाळून कार्यक्रमपत्रिकेत सातची प्रार्थना आणि कात्सुओचा हा प्रश्न छापावा, ही विनंती.

आपले,
टोकियोतील मराठी वाचक