सुटकेनंतरची ७८ वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला थॉमस बर्गेंथाल यांच्यावरचा लेख वाचला. पोलंडमधल्या कील्त्सेचा घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती), वयाच्या दहाव्या वर्षी आउशवित्झ, जानेवारी १९४५ मधली बर्फातली पायपीट, झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत कापावी लागलेली पायाची दोन बोटे आणि १९४६ च्या अखेरीस ग्योटिंगनमध्ये झालेली आईची भेट, हे सारे लेखकाने मनापासून लिहिले आहे. पण मग 'पुढे ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाले' असे एक वाक्य, आणि लेख संपला. बर्गेंथाल २०२३ मध्ये वारले. सुटकेनंतरच्या ७८ वर्षांच्या वाट्याला एवढेच?

वाचलेल्या मुलाची गोष्ट आपल्याला डोळे पुसण्यापुरती हवी असते. तो मोठा होऊन कलमे चाळू लागला की आपण पान उलटतो.

म्हणून राहिलेल्या भागातले थोडे. १९७९ ते १९९१ या काळात ते आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात होते. ते अध्यक्ष असताना होंडुरासचा एक खटला तिथे आला. मानफ्रेदो वेलास्केस हा विद्यार्थी सप्टेंबर १९८१ मध्ये भर दिवसा उचलला गेला, तो परत आला नाही. प्रेत नाही, कागद नाही, अटकेची नोंद नाही. मग गुन्हा सिद्ध कसा करायचा? सुनावणी चालू असताना, जानेवारी १९८८ मध्ये, एका साक्षीदाराचा आणि साक्षीला बोलावलेल्या आणखी एकाचा खून झाला. जुलै १९८८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सरकार माणसे नाहीशी करते असा प्रघात सिद्ध झाला आणि या माणसाचे नाहीसे होणे त्यात बसते असे परिस्थितीजन्य पुराव्यावरून दिसले, तर ते पुरेसे आहे. पुरावा सरकारच्याच ताब्यात असताना 'फिर्यादीने सिद्ध करावे' असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. तपास न करणे हाही हक्कभंगच. जाण्यापूर्वी आउशवित्झमधली दप्तरे जाळणाऱ्यांची आठवण ज्याला असेल, त्याला या मुद्द्याचे मोल वेगळे सांगायला नको.

एल साल्वादोरच्या यादवी युद्धातल्या अत्याचारांचा तपास करणाऱ्या सत्यशोधन आयोगातही ते होते. १५ मार्च १९९३ ला अहवाल आला आणि पाचच दिवसांत तिथल्या संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ उजाडले.

लेखकाच्या मनात बहुधा एक शंका असावी: ज्याने इतके सोसले तो निःपक्षपाती कसा राहणार? याला उत्तर थिओडोर मेरॉन या दुसऱ्या न्यायाधीशांचे आहे. ते मूळचे पोलंडमधले आणि तेही लहानपणी नाझींच्या श्रमछावणीत राहिलेले. १९ एप्रिल २००४ रोजी, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील पीठाने बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ मध्ये सात हजारांहून अधिक बोस्नियन मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले तो वंशसंहारच होता, हे कायम केले. आणि त्याच निकालात बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रस्तिच मुख्य गुन्हेगार नसून साहाय्यक होता, असे ठरवून त्याची शिक्षा ४६ वर्षांवरून ३५ वर आणली. काहींना हे फार कोरडे वाटेल. मला तर त्या निकालाचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बर्गेंथाल यांचे सगळे मला पटते असेही नाही. २००४ मध्येच इस्रायलने पॅलेस्टिनी प्रदेशात उभारलेल्या भिंतीबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, तेव्हा १४ विरुद्ध १ मधले 'एक' ते होते. न्यायालयापुढे पुरेशी वस्तुस्थिती नाही, म्हणून मत देऊच नये, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाच्या मतातले बरेचसे आपल्याला मान्य आहे, हेही त्यांनी नोंदवले होते. मला त्यांची भूमिका आजही चुकीची वाटते. पण त्यावर भांडायचे तर ती आधी वाचकांपर्यंत यायला हवी. पुढच्या एखाद्या रविवारी अर्धे पान मिळाले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक