अण्णांचा श्वास आणि पोटातले दोन छोटे स्टेंट

उदगीर

प्रिय अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आले, मग अण्णांना पुन्हा हैदराबादला कशाला न्यायचं?" अण्णा शेजारीच बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. आता सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

महाधमनी, म्हणजे हृदयापासून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, पोटात साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. पुरुषांमध्ये ती 5.5 सेंटिमीटरपर्यंत फुगली की दुरुस्तीचा विचार करतात. अण्णांची 6 च्या वर गेली होती. पोट न फाडता मांडीच्या धमनीतून कापडाचं अस्तर असलेला स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, आत नेऊन बसवायचा, ही पद्धत पोटातल्या फुगवट्यासाठी 1990 साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी या सर्जननं पहिल्यांदा वापरली. अण्णांचं काम जास्त अवघड होतं. फुगवटा मूत्रपिंडांकडं जाणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशीच होता. म्हणून मोठ्या स्टेंटला छिद्रं ठेवून त्यांतून दोन्ही बाजूंच्या धमन्यांत छोटे स्टेंट बसवावे लागले. माझा जीव अडकलाय तो या दोन छोट्या स्टेंटमध्ये.

श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर मूत्रपिंडंही खाली सरकतात. शांत श्वासात एक-दोन सेंटिमीटर, खोल श्वासात त्याहून जास्त. महाधमनी मात्र कण्याला धरून असते, ती जागची फारशी हलत नाही. म्हणजे मूत्रपिंडाच्या धमनीचं एक टोक स्थिर आणि दुसरं सारखं खाली-वर. एरवी लवचीक धमनी हे वाकणं आपल्या सगळ्या लांबीत वाटून घेते. आत धातूचा स्टेंट बसला की तेवढा भाग ताठ होतो आणि वाकण्याचा भार स्टेंटच्या टोकाशी गोळा होतो. आपल्या शेतात ठिबकची लॅटरल नळी बहुतेक वेळा कुठं चिरते, आठव. जॉइनरच्या कडेलाच ना?

हे नुसतं माझं तर्कट नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पेशंटचे एकदा श्वास आत धरून आणि एकदा बाहेर सोडून सीटी स्कॅन काढले आणि धमन्या किती वाकतात ते मोजलं.

आता हिशोब कर. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाला 21,600 होतात, वर्षाला जवळजवळ 79 लाख. महाधमनीचे स्टेंट माणसात वापरण्याआधी मशीनवर 40 कोटी ठोक्यांचा ताण देऊन तपासतात, दहा वर्षांच्या नाडीइतका. पण नाडीच्या ठोक्यानं नळी जराशी फुगते आणि आवळते, श्वासानं ती वाकते. हे दोन ताण वेगळे आहेत. वाकून वाकून स्टेंटच्या तारेला तडा जाऊ शकतो. टोकाशी धमनीचं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होऊ शकते, तिथं रक्त गोठू शकतं. बहुतेकांचे स्टेंट वर्षानुवर्षं नीट चालतात, तेव्हा घाबरून जाऊ नकोस. पण एक मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असलं तरी दुसरं काम ओढून नेतं, आणि माणसाला काहीच जाणवत नाही. ते दिसतं सीटीत किंवा रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत. म्हणूनच दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही.

हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा अण्णांनी भलताच अर्थ घेतला. श्वास जपून, वरवर घ्यायला लागले. रात्री मी जागी राहून बघायची, छाती हलतच नाही म्हटल्यासारखी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, श्वास चोरलात तर फुप्फुसांत कफ साठेल, न्यूमोनिया होईल, ते दुखणं वेगळंच. चाला, मोकळा श्वास घ्या, बाकीचं बघायला डॉक्टर आहेत. आता रोज सकाळी फिरून येतात. तू कपालभातीचे व्हिडिओ पाठवलेस ते मी त्यांना दाखवले नाहीत. पोटाला जोरजोरात झटके देणारा प्रकार सर्जनला विचारल्याशिवाय मी घरात सुरू होऊ देणार नाही. तुझी माया कळते मला, रागावू नकोस.

आणि आता तुझ्याविषयी. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त दिसतो, आणि त्याला खतपाणी घालणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सिगारेट. अण्णांनी आयुष्यभर ओढली. तूही ओढतोस, सूनबाई सांगत नसली तरी मला माहीत आहे. पोटात फुगवटा वाढतो तेव्हा बहुधा काही दुखत नाही, अण्णांचा तर दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला. तू सिगारेट सोड, मी हात जोडून सांगते. आणि तुझी सोनोग्राफी कधी करायची ते अण्णांच्या डॉक्टरांनाच समोरासमोर विचार.

त्यासाठी तरी चल आमच्याबरोबर. कोळपणी आटोपली की निघू, तारीख तुझ्या सुट्टीप्रमाणं ठरव. मागच्या सीटीची सीडी तुझ्याकडं पुण्याला राहिली आहे, ती न विसरता आण. स्टेंटचा कोन बदलला की जागचा सरकला, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय त्यांना नीट सांगता येणार नाही.

तुझी,
आई