रेघांचा डाग केलात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला भयचित्रांवरचा लेख वाचला. लेख बरा आहे. पण सोबतचं चित्र पाहून रात्री झोप लागली नाही. अमेरिकन चित्रकार बर्नी राइटसन यांनी मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीसाठी काढलेलं प्रयोगशाळेचं चित्र तुम्ही आगपेटीएवढं करून छापलंत, आणि खाली चित्रकाराचं नावही नाही!

अहो, त्या चित्रातल्या काचेच्या चंबूंवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद आहे. भोवती काळ्या शाईची एकेक रेघ, जुन्या कोरीव ठशांच्या छपाईसारखी. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोटापाण्याची कामं सांभाळून सात वर्षं ते ही चित्रं काढत होते. जवळपास पन्नास चित्रं झाली, तेव्हा १९८३ साली पुस्तक निघालं. तुमच्या छपाईत सगळ्या रेघा एकमेकींत मिसळल्या. नात विचारते, “आजोबा, इथे शाई सांडलीय का?”

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. याच मालिकेतल्या एका चित्राची मोठी झेरॉक्स एकदा आठवीच्या वर्गात नेली होती. पोरांना सिनेमातला चौकोनी डोक्याचा, मानेत बोल्ट असलेला राक्षसच ठाऊक. राइटसनच्या राक्षसाला बोल्ट नाहीत. हाडं वर आलेला चेहरा, विरळ लांब केस. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, हाऊ ते रडी राहिना.” म्हणजे, हा तर रडतोय. शेलीबाईंच्या १८१८ साली निघालेल्या कादंबरीतला, बोलणारा, वाचणारा, एकटा पडलेला जीव त्या पोराला एका चित्रात दिसला. मधल्या सुट्टीत तो क्रोक्विल, म्हणजे बारीक निबेचा टाक, घेऊन नुसते केस काढत बसला. निब तीनदा कागदात रुतली, तरी उठला नाही.

मी निवृत्त झाल्यापासून त्या शाळेत चित्रकलेचं पद रिकामं आहे आणि तास गणिताला दिला जातो. यावर तुमच्या पुरवणीत कधी एक ओळ आली नाही. चाळीसगावच्या बंगल्यात छायाचित्रकार आणि चित्रकार केकी मूस यांनी वर्षानुवर्षं बाहेर न पडता काम केलं, त्या खानदेशातला हा हाल आहे. तुम्ही दर रविवारी कथा छापता, तिच्या चित्रकाराचंही नाव नसतं.

पुढच्या रविवारी तेच चित्र अर्ध्या पानावर, चांगल्या कागदावर छापा. खाली लिहा: बर्नी राइटसन (१९४८–२०१७). तेवढी जागा नसेल तर छापू नका.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
अमळनेर